टीबीतून बऱ्या झालेल्यांना कामावर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन असतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली याच तारखेला क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. त्या दिवशी टीबीतून बऱ्या झालेल्या लोकांचे शाल-श्रीफळ घेतानाचे फोटो पेपरात येतात. एकदा माझाही आला होता, खाली 'टीबी चॅम्पियन' असे छापले होते. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. पण २५ मार्चपासून पुढे हे चॅम्पियन काय करतात आणि कशावर जगतात, हे वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि ठरलेल्या विड्या झाल्याशिवाय उठायचे नाही. २०१४ साली खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले तंबाखूचा आहे, मीही तेच म्हणाले. टीबी निघाला. तेव्हा गोळ्या दिवसाआड असायच्या, एका वेळी सात, आणि त्या दवाखान्यात जाऊन समोर गिळायच्या. म्हणजे त्या दिवशीची निम्मी मजुरी बुडाली. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, अंगात जोर आला. मला वाटले, झाले बरे. तिसऱ्या महिन्यात मी जाणे बंद केले. पुढे चार महिन्यांनी बेडक्यात रक्त आले. मग पुन्हा उपचार, या खेपेला आठ महिने, त्यात पहिल्या दोन महिन्यांत इंजेक्शने, मोजून २४.

दोष मी कोणाला देत नाही. गोळ्या देणाऱ्या बाईंनी 'मधेच सोडू नका' असे बजावले होते. पण बरे वाटायला लागते तोच या आजाराचा सगळ्यात फसवा काळ, हे सांगणारे, स्वतः एकदा फसलेले माणूस मला भेटले नाही. ते भेटले असते तर माझे आठ महिने वाचले असते. आज मी वस्तीत फिरते ती एवढ्यासाठीच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका सुनेने दोन आठवड्यांतच गोळ्या बंद केल्या. आशाताई जाऊन आल्या, दवाखान्यातून फोन गेले, ती कारण सांगेना. मी गेले तर सासूसमोर गप्प. मोरीत भांडी घासायला बसली तशी मीही शेजारी बसले. हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, लघवीवाटे रक्त जातेय." ते रक्त नव्हते. रिफाम्पिसीन नावाच्या गोळीने लघवी नारिंगी-लाल होते, डोळ्यांचे पाणीसुद्धा रंगते. मी तिला सांगितले, मी रडून डोळे पुसले की माझा पांढरा रुमाल पिवळा व्हायचा. तिने माझ्याकडे बघितले आणि विचारले, "तुम्हालाही झाला होता?" मी हो म्हटले. त्या संध्याकाळी तिने गोळी घेतली.

त्याच घरात तिची थाळी आणि पेला वेगळा ठेवला होता, पेल्याला लाल दोरा बांधलेला. टीबी भांड्यांतून पसरत नाही, तो खोकल्यावाटे हवेतून पसरतो, आणि नेमाने गोळ्या सुरू केल्या की साधारण दोन आठवड्यांत त्याची लागण देण्याची ताकद पुष्कळ कमी होते. हे सासूबाईंना सांगून पटले नसते. मी त्याच दोरावाल्या पेल्यात पाणी मागितले आणि त्यांच्यासमोर प्यायले. पुढच्या खेपेला दोरा नव्हता.

तपासणीचेही तसेच आहे. डबी हातात दिली की लोक थुंकी आणतात. मशीन कितीही चांगले असले तरी नुसत्या थुंकीत त्याला काय सापडणार? सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग छातीतून खोकून बेडका काढायचा, आणि तोही घरात नाही, उघड्यावर जाऊन. हे मी स्वतः करून दाखवते. लाज वाटण्यासारखे काम आहे, पण दुसऱ्याने आधी करून दाखवले की माणसाची लाज जाते.

आता उपचार पुष्कळ सोपे झाले आहेत. गोळ्या रोजच्या आहेत आणि वजनाप्रमाणे तीन-चारच घ्याव्या लागतात. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला खाण्यापिण्यासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांनाही जादा शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे औषध आहे, पैसा आहे, पोटाला काय द्यायचे तेही कळले आहे. तरीही जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये रोज उभे राहणारे माणूस कमी पडते, असे मी माझ्या चार गल्ल्यांत बघते.

आणि त्या माणसाची सोय काय? रुग्णाचा कोर्स पूर्ण करवून घेतला की उपचार सहाय्यकाला साध्या टीबीत १,००० आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत ५,००० रुपये मानधन ठरलेले आहे, सगळ्या कोर्सचे मिळून. रोजच्या रिक्षाचे, फोनचे, बुडालेल्या विड्यांचे काही नाही. मध्यंतरी एका संस्थेने आम्हा अकरा जणांना शिकवून तयार केले, दोन वर्षे दरमहा मानधन दिले. प्रकल्प संपला, मानधन थांबले. एक पोरगी शिलाईला गेली, दोघे यंत्रमागावर परतले. त्यांच्या वहीत ज्यांची नावे होती ते रुग्ण कुठे गेले, हे मला ठाऊक नाही, आणि ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक टीबी युनिटला, म्हणजे त्या भागातले टीबीचे काम बघणाऱ्या सरकारी केंद्राला, बरे झालेले निदान दोन रुग्ण दरमहा मानधनावर, पक्क्या नेमणुकीने घ्या. प्रकल्पाच्या मुदतीवर नकोत. आम्हालाही वर्षातून एकदा एक्स-रे आणि चांगले मास्क द्या, कारण आम्ही पुन्हा त्याच बंद खोल्यांत बसतो. शिक्षणाची अट घालू नका. 'सातवी पास बाई काय समजावणार' असे मला एका बैठकीत ऐकावे लागले आहे. आपल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. तिथे अक्षरओळख नसलेल्या बायकाही गावच्या आरोग्यसेविका झाल्या आणि बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत सगळे सांभाळू लागल्या. तिकडे जाऊन बघावे. रुग्ण काय करू शकतो हे मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनीही दाखवले आहे. टीबीच्या इंजेक्शनाने त्यांचे कान गेले. त्यांनी आणि तशाच कान गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी मिळून, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलीन या गोळीच्या पेटंटला मुदतवाढ मिळू नये म्हणून हरकत घेतली, आणि २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. त्या शिकलेल्या, आम्ही विड्या वळणाऱ्या. पण आजार सोसल्यावर जे कळते ते दोघींना सारखेच कळले आहे.

आणखी एक. आम्हाला नेमले तरी 'टीबी' लिहिलेला एप्रन आणि पिशवी घालायला लावू नका. मी घरच्या साडीत, बचत गटाची वही हातात घेऊन जाते. शेजारणीला वाटते, हप्ता मागायला आली.

सध्या माझ्याकडे यंत्रमागावरचा एक मुलगा आहे, चौथा महिना चालू. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, आता एकदम बरे वाटतेय." त्याची दुपारपाळी सुटायच्या आत मला तिकडे पोचायचे आहे.

आपली,
एक वाचक, सोलापूर

(कृपया माझे नाव छापू नये. मला लपण्याचे कारण नाही, माझा आजार अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण माझे नाव वाचले की मी ज्यांच्या दारात जाते ती दारे लोक मोजतील.)