फडकं आधी खाली ठेव

डोंबिवली,
१० ऑक्टोबर

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो आज सकाळी पुन्हा नीट पाहिला. वॉलपेपरवरचा तो ओलीचा डाग काकूंच्या उशाशीच आहे आणि तू तो पुसून काढायला निघालीस, हे पाहून जीव थाऱ्यावर राहिला नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

डागाची मधली जागा फिकी आणि कड चहासारखी तपकिरी आहे ना? भिंतीतून येणारं पाणी जे जे विरघळेल ते सोबत आणतं आणि सुकताना कडेला सोडून जातं. मला एकात एक अशा तीन कडा दिसल्या. म्हणजे भिंत पुन्हा पुन्हा भिजून सुकलेली आहे. अगं, फडकं आधी खाली ठेव.

आमच्या हॉलमध्ये डाग दिसला तेव्हा मी धीर धरला नव्हता. घासणी घेऊन साबणाच्या पाण्याने खसाखसा घासलं. वॉलपेपर साधा कागदी. तळहाताएवढी पानांची नक्षी फडक्यावर उतरली. पंधरा दिवसांत डाग परत हजर! पाणी वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यातून, झिरपत होतं. प्लंबरने तिथे बोळा घालून दिवसभर पाणी तुंबवलं, तेव्हा कळलं.

तुझी ती पश्चिमेची बाहेरची भिंत. पावसाचा सगळा मारा तिकडूनच. प्लास्टरची चीर, खिडकीच्या चौकटीची फट, पावसाच्या पाइपचा जोड, हे आधी बघून घे. मग डागाजवळचा वॉलपेपरचा सांधा हलकेच उचल. आत काळे ठिपके दिसले, तर ती बुरशी. मग पुसत बसू नकोस, तो पट्टाच काढ, तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघडून. काकूंना दम्याचा त्रास आहे, तिथे तडजोड नको.

आत स्वच्छ असेल तर वॉलपेपरवर पाण्याचा एक थेंब ठेवून बघ. थेंब तसाच राहिला तर व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, जिरला तर साधा कागद. व्हिनाइलवर भांड्यांच्या साबणाचं पाणी, घट्ट पिळलेलं फडकं, कडेकडून आत टिपत यायचं. पिवळेपणा उरलाच तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. आधी कपाटामागे करून बघ, शेवटी साध्या पाण्याने टिप. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड मुळीच मिसळू नकोस, विषारी वायू होतो.

कागद निघाला तर ठिगळच बरं. उरलेला रोल माळ्यावर असेल. आधी डागाचा कागद सोलून भिंतीला ऑइल प्रायमर, म्हणजे तेली अस्तराचा रंग, द्यायचा. नुसत्या पाण्याच्या रंगातून डाग पुन्हा वर येतो. खळ लावायच्या आधी नवा तुकडा नक्षी जुळवून जुन्या कागदावर थोडा चढवायचा आणि नव्या पात्याने दोन्ही थर एकदमच कापायचे. मग सांधा शोधूनही सापडत नाही.

दिवाळीआधी भिंत लख्ख हवी म्हणतेस. पण भिंत ओली असेल तर दिवाळी जाऊ दे. या ऑक्टोबरच्या उन्हात खिडक्या उघड्या ठेव, पंखा तिकडे वळव. ओल्या भिंतीवर केलेलं काम टिकत नाही.

शनिवारी सकाळच्या लोकलने येते, कटर घेऊन. तोवर काकूंचा पलंग आतल्या खोलीत हलव. काकूंना नमस्कार.

तुझीच,
माधुरी