कोरडं भोक पाडू नकोस

हुपरी
रविवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा खोकला ऐकला. तू फोन बाजूला धरलास, तरी ऐकू आलाच. आई म्हणते पुण्याची हवा बदलली असेल. मी तेव्हा बोललो नाही. आपण फोनवर बोलायला लागलो की भांडण होतं, म्हणून लिहितोय. खोकल्याचं एकदाच लिहितो आणि मग तुझ्या पेंडंटकडे वळतो.

तू पाठवलेल्या व्हिडिओत तू गॅलरीत बसून लाल अकीकाला मशीननं भोक पाडतेस. दगड कोरडा, पांढरी भुकटी उडतेय आणि नाकाला ओढणी. ती भुकटी म्हणजे सिलिका. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथेच राहते. ओढणीनं ती अडत नाही. गुजरातेत रतनपूरचा अकीक खंभातमध्ये येतो. तिथे घरोघरी चाकावर तो कोरडा घासणाऱ्या किती जणांना सिलिकोसिस, म्हणजे या भुकटीनं फुप्फुसं कडक होण्याचा आजार, झालाय! त्या आजारावर औषध नाही, आणि फुप्फुसं एकदा तशी झाली की टीबीही लवकर गाठतो. त्याच खंभातमध्ये भोक पाडणारा कारागीर सामत्याच्या, म्हणजे दोरीनं फिरवायच्या गिरमिटाच्या, टोकाला हिरकण्या बसवतो आणि भोकावर थेंब थेंब पाणी सोडत राहतो. पाणी आधी, सामता नंतर.

दीड महिन्याच्या कामानं तो आजार सहसा होत नाही, हे मला कळतं. तुला घाबरवायचं नाही. तरी डॉक्टरकडे जाशील तेव्हा "मी दगडाला भोकं पाडते" हे स्वतःहून सांग. ते आपणहून विचारणार नाहीत.

आता पेंडंट. हिरव्या अ‍ॅपोफिलाइटच्या खड्याभोवती तार विणून केलेलं ते काम मी भिंग लावून पाहिलं. वीण सरळ आहे, वेढे एकमेकांना खेटून बसलेत, कुठे तार चढलेली नाही. आईनं तो फोटो अख्ख्या गल्लीत दाखवला. ताईच्या सासरीही गेला म्हणे. तात्या असते तर त्यांनी काही न बोलता तो फोटो खिशात घातला असता.

पण अडकवायची कडी बारीक झालीय. 0.6 मिलिमीटरची तार दिसते. साखळी रोज तिथेच घासणार, वर्षभरात ती कापली जाईल. कडीला 0.8 किंवा 0.9 घे, नाहीतर दोन तारा जोडीनं घे. तारेच्या नंबरावर जाऊ नकोस. तुझ्या व्हिडिओतली माणसं अमेरिकन गेज सांगतात, त्यात 20 नंबर म्हणजे 0.81 मिलिमीटर. आपल्याकडे दुकानदार एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, देतो, त्यात 20 नंबर 0.91 होतो. विणायच्या तारेचंही तसंच. तिकडचा 26 नंबर 0.40, इकडचा 0.46. एवढ्या फरकानं वीण ताठ होते आणि बोटं दुखतात. दुकानात मिलिमीटरमध्येच माग.

30 बाय 20 च्या लंबगोल दगडाचा घेर साधारण 79 मिलिमीटर येतो. सांगाड्याला 0.8 च्या तीन तारा, प्रत्येकी 25 सेंटिमीटर. विणायला 0.4 ची 2 मीटर, पण सलग घेऊ नकोस. मीटर-मीटरचे दोन तुकडे कर, लांब तारेला पीळ पडतो आणि पीळ ओढला की तिथेच तुटते. 0.8 ची चांदीची तार मीटरला 5 ग्रॅमच्या वर भरते, 0.4 ची 1.3. म्हणजे एका पेंडंटला साडेसहा ग्रॅम चांदी जाते. किंमत लावताना हे धर. तू स्वतःची मजुरी धरत नाहीस, हे मला ताईकडून कळलं.

एकाच जागी तार तिसऱ्यांदा वाकवायची वेळ आली तर ती तापवून मऊ कर. दिवा मालवून, अंधारात जेमतेम लाल दिसेपर्यंतच, मग पाण्यात. जास्त तापली की तार खरबरीत होते आणि वाकवताना चिरते. काळी पडलेली तार चिंचेच्या पाण्यात उकळ, पण फक्त रिकामी तार. दगड बसवल्यावर आग नाही, चिंच नाही, लिंबू नाही, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुणं नाही. अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट यांच्या अंगात पाणी असतं, तापले की ते उडतं, चकाकी जाते आणि दगड फुटतो. आंबटानंही त्यांचा पृष्ठभाग मरतो. दागिना जुना दिसावा म्हणून तार काळी करायची असेल तर तीही आधीच कर. उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद करून होतं, तुझ्या खोलीवर चालेल, इथे आई अंडं आणू देणार नाही.

अ‍ॅपोफिलाइटला आडवी चीर असते, वरच्या टोकाला आडवा दाब आला की चकतीसारखा थर सुटतो. म्हणून पकड खाली ठेव, मातृखडकाला, म्हणजे स्फटिक ज्यावर वाढला त्या दगडाला, किंवा बुडाला. टोकाकडे तार नुसती टेकू दे, आवळू नकोस. आवळताना पक्कड दगडाजवळ नेऊच नकोस, बांबूची काडी घासून तिनं दाब. दगडाचा सगळ्यात रुंद भाग पुढच्या आणि मागच्या तारांच्या मधे यायला हवा, निदान चार ठिकाणी. तसं नसेल तर दगड पुढच्या बाजूनं घरंगळतो, मग वीण कितीही देखणी असो.

वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट तुला फार आवडतं, माहीत आहे. त्याचा रोजचा दागिना करू नकोस. कठीणपणा 3 ते 4, निळ्या सुया बोट लागलं तरी मोडतात. करायचंच तर काचेच्या झाकणाच्या डबीत. ओकेनाइटच्या पांढऱ्या गोळ्याला तर बोटही लावू नये, कापसासारखा दिसतो आणि दाबला की कायमचा चपटा होतो. बांधायला निर्धास्त दगड म्हणजे प्रेहनाइट आणि अकीकाची सगळी भावंडं.

आणि ही सगळी कला भोकाशिवाय दगड धरण्याचीच आहे, मनू. तारेचं कोंदण केलंस तर भोक लागतंच कशाला? मण्यांची माळ करायची म्हणून, हे मला ठाऊक आहे. मग मणी भोकाचे विकत घे. पाडायचंच असेल तर दगड उथळ ताटलीत ठेव, त्याच्यावर 3-4 मिलिमीटर पाणी राहू दे. हिऱ्याचा मुलामा दिलेलं 1 मिलिमीटरचं टोक, वेग कमी, दर चार-पाच सेकंदांनी वर उचल म्हणजे पाणी आत जाईल. अर्धं भोक एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या बाजूनं, नाहीतर निघताना टवका उडतो. मशीन बॅटरीचं घे, ओल्या हातात विजेची वायर नको. राहिलेला गाळ ओला असतानाच फडक्यानं पूस. वाळू दिलास आणि केरसुणी फिरवलीस की तीच धूळ परत नाकात. तोंडाला एन-95, कडा नाकावर दाबून. आणि तुझी रूममेट त्याच गॅलरीत कपडे वाळत घालते, तिचाही विचार कर.

पुन्हा भाषण झालं. एकदाच लिहिणार म्हणालो होतो. माफ कर. तू सहा वर्षांची असताना रस्त्याच्या खडीच्या ढिगावर तासन् तास बसायचीस आणि पांढरे चमकणारे खडे फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचीस. आई रागवायची, मी ते खडे पाण्याखाली धुवून खिडकीत मांडायचो. त्यातलं एक स्टिल्बाइट अजून देवघरामागं आहे, मोरपिसासारखं पसरलेलं. नोकरी सोडलीस तेव्हा मी खूप बोललो, ते बोलायला नको होतं असं मला आज वाटतं. तुझे हात चांगले आहेत. हातांची काळजी मला नाही.

ताईच्या दिराबरोबर तात्यांची जंतरपट्टी, तार भोकांतून ओढून बारीक करायची, पाठवतोय, आणि 0.8 ची 20 मीटर चांदीची तार. पट्टीची भोकं तेल लावून वापर. दोन-तीन भोकं ओढून झाली की तार मऊ करून घे. तारेची टोकं आत वळवून कानशीनं मार, आणि पेंडंट एकदा आईच्या रेशमी साडीच्या तुकड्यावरून फिरव. धागा ओढला गेला तर गिऱ्हाइकाचाही जाणार. तुकडा आईनं पिशवीत घातलाय.

छातीचा एक्स-रे या आठवड्यात काढ. रिपोर्टचा फोटो मलाच पाठव, आईला नको.

तुझे
आप्पा

ता. क. – पिशवीत मास्कचं पाकीटही आहे. रूममेटला अर्धे दे.