लसीच्या दिवशी आईलाही विचारा

संपादक महोदय,

दीड महिन्याच्या लसीला बाळ येतं तेव्हा त्याचं वजन होतं, कार्डावर नोंद होते, ताप आला तर काय करायचं तेही सांगितलं जातं. त्याला घेऊन आलेल्या आईची विचारपूस मात्र क्वचितच होते. नाशिक मनपाचे दवाखाने असोत की पेठ-सुरगाण्यातली उपकेंद्रं, तिथेच तिची एडिंबरो प्रश्नावली, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली, भरून घ्यावी, ही आमची मागणी आहे.

प्रश्न दहा, वेळ पाच-सात मिनिटं. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण; बेरीज 13 किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज बघत बसू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. सासू शेजारी असताना विचारलं तर ‘सगळं बरं आहे’ हेच ऐकू येणार. म्हणून बाळाला वजनासाठी आजीच्या हाती द्यावं आणि तेवढ्यात आईला बाजूला घ्यावं.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेक बाळंतिणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी राहिली, बाळ गाढ झोपलेलं असताना आई टक्क जागी असेल, पुढे केलेला डिंकाचा लाडू तसाच ताटलीत राहत असेल, तर तो आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो आजार आहे, आणि बरा होणारा आहे.

आपल्याकडची अडचण माहेर-सासरची. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, पण सव्वा महिना झाला की बाळंतीण सासरी जाते आणि तिथल्या आशाताईंना मागचं काहीच ठाऊक नसतं. गुण माता-बाल संरक्षण कार्डावरच लिहिले तर ते तिच्यासोबत जातील.

उपचारात हिमोग्लोबिन आणि थायरॉईड आधी तपासावं. दोन्हींतला बिघाड अशीच मरगळ आणतो. सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं, त्यामुळे स्तनपान सहसा थांबवावं लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. इथेच घात होतो: पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, गोळी परस्पर बंद केली जाते. बरं वाटल्यावरही ती किमान सहा महिने चालते.

गोळीइतकीच झोप महत्त्वाची. रात्री दहाला पाजून आईने झोपावं. मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर, उकळलेल्या वाटी-चमच्याने, नवऱ्याने किंवा आजीने करावं. उन्हाळ्यात ते दूध फ्रीजमध्येच ठेवावं. सलग चार-पाच तास मिळाले की फरक दिसू लागतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आई असंबद्ध बोलू लागली, झोपेची गरजच वाटेनाशी झाली, बाळाबद्दल भलत्याच शंका घेऊ लागली, तर ही तातडीची वेळ आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना असं होतं. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नये. अंगारे-धुपारे न करता थेट मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावं. दाखल करावं लागलं तरी, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडता येत नाही. हे नातेवाइकांनी ठामपणे सांगावं. कुठे जायचं ते सुचेना तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास मोफत, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक लसीकरणाच्या खोलीत, वजनकाट्याच्या वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

– माता-आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्त्या, नाशिक