येतो म्हणालो आणि गेलो

पणजी,
रविवार रात्र

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आजीला सांग, परदेशातून पत्र आलंय. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे पोर्तुगीज होते आणि ती तेव्हा परकरात होती. तिच्या लेखी पत्रादेवीचा नाका ओलांडला की अजून परमुलूखच.

धाकट्याने फोनवर विचारलं होतं ना, ‘कम’ आणि ‘गो’ म्हणजे येणं-जाणंच ना? मीही तेच समजत होतो. परवा फजिती झाली. हॉटेलात एक इंग्रज बाई उतरल्यात. त्यांना ओल्ड गोव्याला जायचं होतं. टॅक्सी फाटकापाशी उभी करायला सांगितली, तेवढ्यात माझी ड्यूटी संपली. बेतीची फेरीबोट गाठायची होती. ‘ओके मॅडम, आय ॲम कमिंग’ म्हणालो आणि निघालो. ‘जातो’ म्हटलं की तू उंबऱ्यातूनच ओरडायचीस, ‘येतो म्हण!’ ती सवय. इथे कोंकणीतही ‘येतां’ म्हणूनच उठतात, त्यामुळे काउंटरवरच्या दुसऱ्या पोरालाही काही खटकलं नाही. बाई मात्र मांडीवर पर्स घेऊन पाऊण तास दाराकडे बघत बसल्या. टॅक्सीवाला बाहेर, त्या आत.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हसत समजावलं. बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे जायचं असेल तर ‘कम’, तिसरीकडे जायचं तर ‘गो’. तू ‘जेवायला ये’ म्हणतेस आणि मी ‘आलो’ म्हणतो, तिथे इंग्रजीतही ‘कमिंग’च. आपलंही तसंच आहे की! निरोप घेतानाच काय ते बिनसतं.

धाकट्याला आणखी एक सांग. दूध नासलं, टक्कल पडलं, वेड लागलं, केस पिकले, सगळ्याला ‘गो’. स्वप्न खरं झालं की ‘कम’. म्हणजे वाईटाला ‘गो’, चांगल्याला ‘कम’, असा नियम मी मनाशी बांधला, तर सुटलेल्या नाडीलाही ‘कम’च निघालं! आणि आपल्याला राग येतो, ताप येतो, पोहायला येतं, तिथे ‘कम’ चालत नाही. पेपरात ‘स्विमिंग कम्स टू मी’ लिहून येईल, त्याचा भरवसा नाही.

मला मात्र ‘गो’चा भूतकाळ आवडला. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, ‘गो’ने ते उसनं घेतलं आणि परत केलंच नाही. हसण्याआधी आपलं बघा: ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत एक तरी अक्षर सारखं आहे का? ‘जा’ संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून, ‘गेला’ ‘गत’पासून. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

बाई काल गेल्या. टॅक्सीत बसताना मला म्हणाल्या, ‘आय ॲम कमिंग!’

चतुर्थीला रजा मिळालीय, आदल्या रात्री पोचतो. आजीला इथले काजू आणतो, पण तिला फोडून द्यावे लागतील.

येतो.

तुझा,
मोठा