खापरांवरचे गाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याचा सोन्याचा मुखवटा पाहून झाल्यावर, राजांच्या या थाटामाटापलीकडे उत्खननातून नेमके काय हाती लागले, असे तू मागील पत्रात विचारले होतेस. उत्तरादाखल इजिप्तमधील देर अल-मदीना या एकाच प्राचीन गावाविषयी लिहितो.

लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरील डोंगरांच्या कुशीत ही वस्ती आहे. ‘राजांची दरी’ या राजघराण्याच्या दफनभूमीतील थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने 1922 ते 1951 या काळात तिचे उत्खनन केले. वस्तीजवळ कोणे एके काळी पाण्यासाठी सुमारे 50 मीटर खोल खड्डा खणला गेला. पाणी काही लागले नाही, तेव्हा लोक त्यात केरकचरा टाकू लागले. माझ्या मते त्या कचऱ्याइतके मोलाचे तेथे दुसरे काही नाही, कारण त्यातून मजकूर लिहिलेली खापरे आणि चुनखडीच्या चिपा हजारोंनी निघाल्या.

ब्रिटिश म्युझियममध्ये राजा दुसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 40व्या वर्षातील, चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेला हजेरीपट आहे. सुमारे 40 कामगारांची नावे, त्यांच्यापुढे काळ्या शाईत गैरहजेरीच्या तारखा आणि वर लाल शाईत कारणे. कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणी आईच्या प्रेताला वस्त्रे गुंडाळत होता, तर कोणी चक्क बिअर गाळत होता! शेवटचे कारण लेखनिकाने निमूटपणे टिपून ठेवले, याचे मला फार कौतुक वाटते.

याच कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 29व्या वर्षी, मजुरीचे धान्य थकले म्हणून काम टाकले आणि ते देवळाच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हाला येथे आणले; वस्त्र नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, असे त्यांचे म्हणणे इटलीतील तुरीन शहरात असलेल्या पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर) नोंदलेले आहे. लेखी पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो, आणि मागणी होती ती केवळ हक्काच्या मजुरीची.

पण मला सर्वाधिक जवळची वाटते ती याच गावातली नौनख्त नावाची वृद्धा. पाचव्या रामसेसच्या काळात तिने साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले: आठ मुले मी वाढवली, म्हातारपणी ज्यांनी माझ्या हाताला हात दिला त्यांनाच माझे मिळेल, इतरांना नाही. नावे घेऊन तिने काहींना वगळले आणि एका मुलाला, इतरांहून अधिक म्हणून, कांस्याचे तस्त दिले.

तुझा,
जुना मित्र