शिक्षा घटली, जखमेचे काय?

अमेरिकेतील न्यायसुधारणांची चर्चा आकड्यांतच अडकते. अर्थात आकडेही बोलके आहेत. १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकच्या (ओढायच्या कोकेनच्या खड्यांच्या) विक्रीला किमान ५ वर्षे कैद होई. तेवढ्याच शिक्षेला पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागे. अमली पदार्थ मुळात एकच, पण क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुसंख्य कृष्णवर्णीय! २०१०मध्ये पावडर आणि क्रॅकच्या वजनांचे हे प्रमाण १००:१ वरून १८:१ झाले. म्हणजे अन्याय घटला, गेला नाही. काचेपलीकडच्या बापाशी फोनवर बोलत वाढलेल्या मुलांच्या मनाचा हिशेब त्या दुरुस्तीत नव्हताच. सुधारणांच्या समित्यांवर वकील आणि पोलिसांबरोबर सुटून आलेले कैदी व त्यांच्या आयाही हव्यात. शोभेपुरत्या नव्हे, मताधिकारासह. या मुलांच्या समुपदेशनाचा खर्चही तुरुंगांच्या अंदाजपत्रकातूनच व्हावा.

– एक वाचक