प्रथिने खाल्ली तरी अंगी लागत नाहीत, तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत लहान मुलांच्या आहारातील प्रथिनांविषयी प्रसिद्ध झालेला लेख उपयुक्त होता. मात्र त्यातील एका विधानाला पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते. मुलाच्या अंगावर सूज आली आणि रक्तातील पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिन कमी निघाले, की त्याच्या खाण्यात प्रथिने कमी पडत आहेत, असे त्या लेखावरून वाचकाच्या मनावर ठसते. अनेकदा ते खरेही असेल. परंतु काही मुले अशी असतात, की त्यांना पोटभर आणि चौरस आहार मिळतो, यकृत त्यापासून अल्ब्युमिन तयारही करते, आणि तरीही ते रक्तात टिकत नाही, कारण ते आतड्यातून गळून जाते. आहारतज्ज्ञ म्हणून अशा काही मुलांच्या आहाराची आखणी करताना, 'तुम्ही मुलाला नीट खाऊ घालत नाही' हा ठपका त्यांच्या आयांनी कसा सोसला, हे मी जवळून पाहिले आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण तेच.

या दुर्मीळ आजाराला प्राथमिक इंटेस्टिनल लिम्फँजिएक्टेशिया किंवा वाल्डमन यांचा आजार असे म्हणतात. पूर्वी अशा रुग्णांच्या बाबतीत, शरीर आपलीच प्रथिने फार वेगाने मोडून टाकते, असा समज होता. अमेरिकेतील डॉ. थॉमस वाल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या अल्ब्युमिनचा माग काढून १९६१ साली असे दाखवून दिले, की प्रथिने मोडली जात नसून आतड्याच्या पोकळीत झिरपत आहेत, आणि आतड्यातील लसिकावाहिन्या, म्हणजे लसिका हा पातळ द्रव (लिम्फ) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, फुगलेल्या आहेत.

लहान आतड्याच्या अस्तरावर जे असंख्य बारीक अंकुर असतात, त्या प्रत्येकाच्या मध्यभागी एक सूक्ष्म लसिकावाहिनी असते. आपण खाल्लेली बहुतेक स्निग्धे थेट रक्तात न जाता या वाहिन्यांतून जातात, म्हणून जेवणानंतर तेथील लसिका दुधासारखी पांढरी होते आणि छातीतील मोठ्या लसिकानलिकेतून मानेजवळच्या शिरेत पोहोचते. या आजारात आतड्यातील वाहिन्या मुळातच सदोष असतात. लसिका पुढे सरकत नाही, वाहिन्या तुंबून फुगतात आणि आतल्या आत पाझरू लागतात. अल्ब्युमिन, संसर्गाशी लढणारी इम्युनोग्लोब्युलिन प्रथिने आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी अशा तिन्ही गोष्टी त्याबरोबर वाहून जातात. यकृत अल्ब्युमिनची निर्मिती वाढवून तूट भरून काढू पाहते, पण त्या वाढीला मर्यादा असते. अल्ब्युमिन घटले, की रक्तातील पाणी ऊतींमध्ये उतरते आणि सूज येते.

ही सूज बहुधा दोन्ही पायांवर दिसते. नडगीवर अंगठा काही क्षण दाबून धरला, तर बोट काढल्यावरही तेथे खळगा राहतो आणि तो सावकाश भरतो. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पायावर बराच वेळ तसाच दिसतो. काहींच्या पोटात किंवा फुप्फुसाभोवती दुधाळ पाणी साठते. जुलाब, थकवा, वाढ खुंटणे ही लक्षणे असू शकतात, पण जुलाब प्रत्येकाला होतातच असे नाही, आणि म्हणूनच पोटाकडे लक्ष जात नाही. स्निग्धांबरोबर ड जीवनसत्त्वही नीट शोषले जात नसल्यामुळे कॅल्शियम घटून हातापायांत पेटके येणारी मुलेही असतात. आजार बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या तीन वर्षांत लक्षात येतो. मात्र प्रौढपणी निदान झालेले रुग्णही आहेत.

सुजलेले मूल पाहिल्यावर डॉक्टर प्रथम मूत्रपिंडाचा आणि यकृताचा विचार करतात, आणि ते योग्यच आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. लघवीत प्रथिने जात नाहीत, यकृताच्या तपासण्या ठीक आहेत, असे कळल्यावर शोध थांबतो आणि उरलेले उत्तर म्हणून 'कुपोषण' हा शिक्का मारला जातो. वास्तविक त्याच अहवालांमध्ये वेगळी दिशा दाखवणाऱ्या खुणा असतात. रक्ताच्या साध्या तपासणीत लिम्फोसाइट कमी असतात. अल्ब्युमिनबरोबर ग्लोब्युलिनही घटलेले असते. आणि नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून प्रथिने जाण्याच्या मूत्रपिंडाच्या आजारात, जसे कोलेस्टेरॉल वाढते, तसे येथे सहसा वाढत नाही. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर आतड्यातून गळती आहे का, हे तपासलेच पाहिजे. त्यासाठी विष्ठेतील अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मोजतात. हे रक्तातील प्रथिन आतड्यातील पाचकरसांना दाद देत नाही, त्यामुळे ते विष्ठेत जास्त सापडले तर रक्तातील प्रथिने आतड्यात उतरत आहेत, हे सिद्ध होते. चोवीस तासांची विष्ठा गोळा करणे कटकटीचे असते आणि तपासणी सांगायला डॉक्टरांना, करायला घरच्यांना संकोच वाटतो, हे मी समजू शकते. पण या संकोचापायी मुलाची वर्षे वाया जाऊ नयेत.

गळती सिद्ध झाली, की एंडोस्कोपी केली जाते. आतड्याच्या अस्तरावर हिमकणांसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि तेथील तुकड्याच्या बायोप्सीत फुगलेल्या वाहिन्या आढळतात. आजार ठिगळाठिगळांनी पसरलेला असू शकतो, त्यामुळे एका बायोप्सीत काही सापडले नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणता येत नाही. शिवाय हृदयावरणाचा आजार, आतड्याचा क्षयरोग, क्रोन्स डिसीज (आतड्याचा जुनाट दाह), लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग), किंवा जन्मजात हृदयदोषासाठी केलेली फाँटान शस्त्रक्रिया यांमुळेही आतड्यातून अशीच गळती होऊ शकते. ती कारणे वगळल्याशिवाय 'प्राथमिक' हे निदान पक्के करू नये, कारण त्यांतील काहींवर निराळा आणि नेमका उपचार आहे.

उपचाराचा पाया आहार हाच आहे, आणि येथेच सर्वांत जास्त नुकसान होते. अल्ब्युमिन कमी म्हटल्यावर शेजारीपाजारी, नातेवाईक आणि कधीकधी आरोग्यसेवकही सायीचे दूध, लोणी, दाणे, भरपूर अंडी असा पौष्टिक आहार सुचवतात. प्रथिने या मुलांना हवीच असतात, किंबहुना इतरांपेक्षा अधिक हवी असतात. पण त्यांच्यासोबत येणाऱ्या नेहमीच्या स्निग्धांमुळे लसिकेचा प्रवाह वाढतो, आधीच तुंबलेल्या वाहिन्यांवरचा ताण वाढतो आणि गळती आणखी वाढते. ज्या वाढीव घासाने मूल सुधारावे अशी आईची आशा असते, त्याच घासाने ते बिघडते. शिरेतून अल्ब्युमिन दिले, तर सूज उतरते. परंतु गळती चालू असेपर्यंत ते गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे असते.

म्हणून आहारातील नेहमीची स्निग्धे शक्य तितकी कमी करून त्यांच्या जागी एमसीटी (मीडियम-चेन ट्रायग्लिसराइड, म्हणजे मध्यम साखळीची स्निग्धे) तेल दिले जाते. या तेलातील स्निग्धाम्लांची साखळी नेहमीच्या स्निग्धांपेक्षा आखूड असते. ती लसिकावाहिन्यांच्या वाटेने न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शोषली जातात. ऊर्जा मिळते आणि गळतीला जोर येत नाही. अनेक मुलांची सूज या एका बदलाने उतरते. तेल एकदम पूर्ण प्रमाणात सुरू केले, तर पोटात कळा येतात आणि जुलाब होतात, म्हणून ते थोड्या प्रमाणापासून, जेवणाबरोबर, दिवसभरात विभागून वाढवावे लागते. ते तळण्यासाठी योग्य नाही. शिजलेल्या अन्नात वरून घालणे बरे. त्यात शरीराला आवश्यक असलेली लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक आम्ले नसतात, म्हणून ती थोड्या प्रमाणात वेगळी द्यावी लागतात, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही. हे सगळे चमच्याने मोजून, पाकिटावरचा स्निग्धांचा आकडा वाचून, रोज करायचे असते.

एमसीटी तेलाची जाहिरात वजन घटवण्यासाठी केली जाते, याचा मला मनापासून खेद वाटतो. ज्या कुटुंबाला ते औषध म्हणून सांगितले गेले आहे, त्याला घरातच 'बारीक मुलाला बारीक करणारे तेल कशाला' असे ऐकावे लागते आणि तेल मध्येच बंद पडते. दुसरीकडे, एमसीटीऐवजी खोबरेल तेल चालेल, असा सल्लाही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. खोबरेल तेलात सर्वांत अधिक असते ते लॉरिक आम्ल, आणि त्याचा मोठा भाग लसिकेच्या वाटेनेच जातो. उपचारासाठीच्या तेलात मुख्यतः त्याहून आखूड साखळीची, आठ आणि दहा कार्बनची आम्ले असतात.

आहाराने भागले नाही, तर ऑक्ट्रिओटाइड, सिरोलिमस यांसारखी औषधे वापरली जातात आणि दोष आतड्याच्या एखाद्याच भागापुरता असेल, तर तो भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. शिवाय आतड्यातून प्रथिने गळण्याच्या आजारांपैकी एका आनुवंशिक आजाराचे नेमके कारण २०१७ मध्ये स्पष्ट झाले. चॅपल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आजारात सीडी-५५ हे संरक्षक प्रथिन नसते, आणि त्यावरील पोझेलिमॅब या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. म्हणजे 'दुर्मीळ आहे, नाव कळून काय उपयोग' हा युक्तिवाद आता टिकत नाही. कोणता दोष आहे हे कळले, तर उपचार बदलतो.

पथ्य सहसा जन्मभराचे असते. मूल बरे दिसू लागले, शाळेत इतरांबरोबर खाऊ लागले आणि पथ्य सैल झाले, की गळती परत सुरू होऊ शकते. किशोरवयात, जेव्हा आईच्या हातून चमचा सुटतो, तेव्हा असे विशेषकरून घडताना मी पाहते. म्हणून या मुलांना लहानपणापासून स्वतः पाकीट वाचायला आणि तेल मोजायला शिकवावे, असे माझे पालकांना सांगणे असते.

आपल्या पुरवणीतील पुढील लेखात, लघवी आणि यकृत यांच्या तपासण्या निर्दोष असूनही अल्ब्युमिन कमी राहत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवून विष्ठेची तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत मुलाच्या आहारातील स्निग्धे स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, एवढी सूचना ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ